जुन्या वाड्यांची वीजबचत
समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरील बेळगावात उन्हाळ्यातही रात्री गारवा असतो. तेथील आणि निपाणीकडील जुन्या वाड्यांच्या मातीच्या वा जांभ्या दगडाच्या जाड भिंती तो दुपारपर्यंत टिकवतात. दुरुस्तीत मात्र याच भिंतींना सर्रास सिमेंटचा गिलावा दिला जातो. मग ओल आत कोंडते, भिंत पोखरली जाते. शिवाय ओली भिंत उष्णताही अधिक वाहून नेते. गिलावा चुन्याचाच हवा. कौले उतरवून स्लॅब टाकला, तर वाड्याचे रूपही जाते आणि गारवाही. फुटकी कौले तेवढी बदलावीत. खाली लाकडी तक्तपोशी करून मधल्या पोकळीत हवा खेळती ठेवावी. उजेडासाठीच बांधलेला चौक पत्र्याने झाकला असेल, तर आधी तो मोकळा करावा. एलईडी दिव्यांचा विचार त्यानंतर.