शंटरमामाची कादंबरी

"तुमच्या पूर्णेत बघण्यासारखं काय आहे?" असं कुणी पाहुण्यानं विचारलं की आमची पंचाईत होते. डोंगर नाही, किल्ला नाही. नदी आहे, पण ती पुढं कंठेश्वरजवळ गोदावरीला मिळून आपलं नावही सोडून देते. मग आम्ही पाहुण्याला स्टेशनावर नेतो. आमचं गाव वाढलं ते रेल्वेनं. निजामाच्या राज्यात 1900 च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद ही छोटी लाईन सुरू झाली, पुढं हिंगोलीकडं फाटा निघाला आणि पूर्णेचं जंक्शन झालं. लोको शेड आली, क्वार्टरं आली. माझे वडील त्याच शेडमध्ये फिटर होते.

जंक्शनचा फायदा असा की माणसांबरोबर पुस्तकंही गाडी बदलायला उतरायची. मनमाडकडून मराठी यायची. सिकंदराबादकडून उर्दू यायची. जयपूरकडून अकोल्यावरून येणाऱ्या मीनाक्षी एक्स्प्रेसनं हिंदी यायची. रनिंग रूममध्ये गार्ड-ड्रायव्हर झोपून उठले की उशाशी एखादं पुस्तक विसरून जात. ते कॉलबॉयच्या हाती लागे, कॉलबॉयकडून आमच्या. पहिली पानं फाटलेली, शेवटची गायब. लेखकाचं नाव कळायच्या आधी आम्हाला गोष्ट कळलेली असायची.

अद्भुताचं वेड मला तिथं लागलं. पण खरं म्हणजे ते घरातच होतं. आजोबा निजामाच्या अमलातले, मिडलपर्यंत उर्दूत शिकलेले. तेव्हा सरकारी कारभार उर्दूत आणि वरचं शिक्षणही उर्दूत. 1918 ला हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. आमच्या मराठवाड्यातल्या एका अख्ख्या पिढीला घरात ज्ञानेश्वरी आणि शाळेत उर्दू अशी दोन्हीकडची सवय होती. आजोबा सकाळी हरिपाठ म्हणत आणि रात्री अंगणात बाज टाकली की 'तिलिस्मे होशरुबा' सांगत. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यानं 1883 पासून पुढच्या दहाएक वर्षांत तिचे जाडजूड खंड काढले होते. त्यातला अमर अय्यार आणि त्याची झंबील, म्हणजे अख्खी दुनिया मावणारी पिशवी, आमच्या डोळ्यांपुढं नाचायची. आजी म्हणायची, "लेकरायला झोपू देता का न्हाई?" आजोबा म्हणायचे, "अमर अय्यार कैदेत हाय. त्याला तसाच सोडून झोपू का?"

पुढं गावात एक भाड्याची लायब्ररी निघाली. पुस्तकाला दिवसाला दहा पैसे. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड तिथं भेटला. गुरुनाथ नाईक भेटले. नारायण धारपांचा समर्थ भेटला आणि रात्री संडासला एकटं जायची हिंमत गेली, कारण क्वार्टरातले संडास लाईनच्या पलीकडं होते. गो. ना. दातारांची 'कालिकामूर्ती' आणि नाथमाधवांची 'वीरधवल' मात्र मला रनिंग रूममधूनच मिळाली, दोन्ही बिनकव्हरची. 'वीरधवल' 1913 ची. नाथमाधव शिकारीला गेले असताना सिंहगडाच्या कड्यावरून पडले आणि कमरेखालचं अंग कायमचं लुळं झालं, हे मला फार पुढं कळलं. ज्याला खाटेवरून उठता येत नाही त्यानं घोडे उधळले, किल्ले चढवले. मूळ गोष्ट रेनॉल्ड्स या इंग्रजी लेखकाची, पण घोड्यावर बसवलं आपल्याच माणसाला.

आता शंटरमामाकडं येतो. मामा नात्यातले नव्हते. आईच्या माहेरगावचे, म्हणून मामा. शंटर, म्हणजे यार्डातल्या यार्डात इंजिन पुढं-मागं करून डबे जोडणारा माणूस. जन्मभर इंजिन चालवलं, पण पूर्णेच्या आउटर सिग्नलपलीकडं क्वचित गेले. मी बारा-तेरा वर्षांचा असताना वडिलांचा डबा द्यायला शेडमध्ये जायचो, तेव्हा त्यांनी मला पुस्तकासकट पकडलं.

"काय वाचायलास रे?"

मी पुस्तक मागं लपवलं. ते म्हणाले, "लपवू नको. वाचून झालं की मला दे. अन् माझं एक हाय, ते वाचून सांग."

त्यांचं एक म्हणजे शाळेच्या वह्यांत जांभळ्या शाईनं लिहिलेली कादंबरी. कंठेश्वरच्या संगमाखाली काळ्या दगडाचं एक शहर आहे. नदी आटते त्या साली त्याचा दरवाजा दिसतो. एक मेंढक्याचा पोरगा आत शिरतो आणि दरवाजा मागून बंद होतो. मी दोन दिवसांत वाचून काढली आणि तिसऱ्या दिवशी धावत शेडमध्ये गेलो. "मामा, भारी हाय! हे छापलं पाहिजे!" तेराव्या वर्षी माणूस काहीही बोलून जातो. मामांनी ते मनावर घेतलं.

नांदेडच्या एका छापखान्यात त्यांनी चौकशी केली. तेव्हा खिळे जुळवून छपाई. सोळा पानांचा एक फर्मा, आणि पैसे फर्म्यावर. मामांनी प्रॉव्हिडंट फंडातून ॲडव्हान्स उचलला. तो आठ फर्म्यांनाच पुरला. म्हणून गोष्ट 128 व्या पानावर थांबली, पोरगा आतच, आणि खाली छापलं, 'उत्तरार्ध लवकरच'. पाचशे प्रती, किंमत तीन रुपये, प्रकाशक स्वतः. गठ्ठे बैलगाडीनं क्वार्टरात आले तेव्हा मामी म्हणाल्या, "ज्वारीची पोती कुठं ठेवू आता?"

विकायची व्यवस्था म्हणजे रेल्वे. अकोल्याकडं एका गार्डबरोबर वीस, मनमाडकडं पंचवीस, परभणीला चहावाल्याकडं दहा. पैसे येतील तसे. काही आले, बरेचसे आले नाहीत. पण हिंगोलीकडच्या एका गँगमननं निरोप पाठवला होता, "दरवाजा उघडतो का न्हाई ते सांगा." मामा हा निरोप वर्षभर सगळ्यांना सांगत होते.

त्या वेळी मला वाटायचं, असा वेडेपणा आमच्या मामांनीच केला. पुढं वाचत गेलो तसं कळलं की आपली कादंबरीच अशी उभी राहिली. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' 1861 ची, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' 1868 ची. वाचणारा वर्ग मूठभर. वर्गणीदार आधी गोळा करायचे, कुणा श्रीमंताचा आश्रय मिळवायचा आणि मग पुस्तक छापायचं, ही त्या काळची रीत. तिकडं काशीत देवकीनंदन खत्रींनी तर कमालच केली. चकिया आणि नौगढच्या जंगलांची ठेकेदारी करताना त्यांनी पडके किल्ले पाहिले आणि त्यांतून 1888 पासून 'चंद्रकांता' उभी केली. ती वाचता यावी म्हणून लोक हिंदी लिपी शिकले, असं आजही सांगतात. 1898 ला त्यांनी स्वतःचा लहरी प्रेस काढला. गोष्ट आपली आणि छापखानाही आपला, त्यामुळं फर्मा संपला म्हणून थांबायची पाळी आली नाही. 'चंद्रकांता संतति'चे चोवीस भाग निघाले. आणि खत्रींचे ऐयार न् तिलिस्म आले कुठून? आमच्या आजोबांच्या दास्तानींतूनच. म्हणजे लखनौची उर्दू काशीच्या हिंदीत गेली आणि मीनाक्षीत बसून पूर्णेला उतरली. मामांच्या काळ्या दगडाच्या शहराला हा सगळा वारसा होता. मामांना तो माहीत होता. मला नव्हता.

मी कॉलेजला गेलो आणि शहाणा झालो. वर्गात शिकलो की मराठी कादंबरी खरी सुरू झाली ती हरिभाऊ आपट्यांपासून. 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' हे तिचं बाळपण, अद्भुतरम्य, कृत्रिम. परीक्षेत मीही तसंच लिहिलं आणि चांगले मार्क मिळवले. सुट्टीत घरी आलो तेव्हा मामा भेटायला आले. हातात नवी वही होती. उत्तरार्धाची सुरुवात केली होती. म्हणाले, "बघतोस का जरा?"

मी वही हातात न घेताच म्हणालो, "मामा, हे असलं आता कुणी वाचत नाही. शेडमधल्या कामगारांवर लिहा. वास्तव लिहा."

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "शेडमधलं तर दिवसभर बघायलोच की रे." चहा प्याले आणि वही घेऊन गेले.

उत्तरार्ध कधी आला नाही. 1990 नंतर लाईन मोठी होत गेली, वाफेची इंजिनं गेली, मामा निवृत्त होऊन मालेगाव रोडला दोन खोल्यांत राहायला गेले. 1994 ला दूरदर्शनवर 'चंद्रकांता' मालिका लागली तेव्हा रविवारी सगळी गल्ली टीव्हीपुढं बसायची. मी तेव्हा बाहेरगावी नोकरीला होतो. मामांनी ती बघितली का, हे विचारायचं राहिलं. 2008 ला अकोल्याची लाईनही मोठी झाली. त्याआधीच मामा गेले होते.

काही वर्षांपूर्वी मामींना भेटायला गेलो. मनात होतं ते बोललोच. "मामी, माझ्या बोलण्यानं मामांनी लिहायचं सोडलं का?"

मामी हसल्या. "तू कोण लागून गेलास रे एवढा? पोरीचं लगीन निघालं. पैसा कुठला छापायला? उरलेली बुकं किराणावाल्याला रद्दीत दिली. पुड्या बांधायला." आणि जरा थांबून म्हणाल्या, "पर त्या दिशी जेवले नव्हते."

दोन्ही खरं आहे. तेव्हापासून मी दोन्ही धरून बसलो आहे.

एक प्रत माझ्याकडं होती. मामींची परवानगी घेऊन मी ती मोबाईलवर टाइप केली. फर्मा नाही, कागद नाही, ॲडव्हान्स नाही. हल्ली खेड्यापाड्यांतली पोरं स्वतःच्या अद्भुत कादंबऱ्या अशाच लिहितात. प्रतिलिपीसारख्या ठिकाणी रोज एक भाग टाकतात. 2016 पासून किंडलवरही मराठी पुस्तकं आली. त्यांतलं बरंच कच्चं असतं, शुद्धलेखनाचा पत्ता नसतो. तरी मी वाचतो. एखादा पोरगा लिहितो की बाभळीच्या खोडातून खाली जिना जातो, तेव्हा मी त्याला दोन ओळी कळवतो: पुढं लिही. एवढं कळवायला मला चाळीस वर्षं लागली.

मामांच्या कादंबरीचं नाव इथं देत नाही. ते छापायचं की नाही हे त्यांच्या लेकीनं ठरवायचं. उत्तरार्ध काय असणार, ते मामांनी मला एकदा इंजिनवर उभ्या-उभ्या सांगितलं होतं. त्यातलं अर्धंच आठवतं. उरलेलं मी माझ्या मनानं जोडणार नाही.

मामींना वाचता येत नाही. नवऱ्यानं घरात गठ्ठे लावले, पण आत काय आहे हे त्यांना कुणी वाचून दाखवलं नव्हतं. आता मी पूर्णेला गेलो की चार-पाच पानं वाचून दाखवतो. परवा नदी आटून दरवाजा दिसतो तिथवर आलो. मामी सुपात तांदूळ निवडत होत्या. हात थांबला.

"हे तर आपलं कंठेश्वरच हाय की रे," म्हणाल्या. "वाच पुढं."