बांबूची रेल्वे, सर्कस आणि वटवाघळांचा डोंगर : कंबोडियातलं बट्टामबांग पाठीवर बॅग टाकून कसं बघायचं?

कंबोडिया म्हटलं की डोळ्यांपुढे येतं अंगकोर वाट. सिएम रीपला उतरायचं, पहाटे उठून मंदिरामागचा सूर्योदय मोबाईलमध्ये घ्यायचा, दोन दिवसांत देवळं उरकायची आणि परतीचं विमान पकडायचं. बहुतेकांची ट्रिप इथेच संपते.

पण त्याच सिएम रीपहून बसने तीन-चार तासांवर बट्टामबांग नावाचं शहर आहे. नदीकाठी जुनी फ्रेंच वळणाची दुकानं, रात्री लवकर झोपणारे रस्ते आणि मोजके पर्यटक. वरवर बघितलं तर निवांत गाव. पण इथली प्रत्येक बघण्यासारखी गोष्ट एका भयंकर काळातून वर आलेली आहे. तो काळ माहीत नसेल तर बट्टामबांग नुसतं फोटोपुरतं उरतं.

नेमकं आहे कुठे?

कंबोडियाच्या वायव्येला, सांगके नदीच्या काठी. राजधानी फ्नोम पेन्हपासून साधारण 290 किलोमीटर. आजूबाजूला भातशेती इतकी की हा प्रांत देशाचं भाताचं कोठार समजला जातो. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून 1907 पर्यंत हा भाग सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या ताब्यात होता. नंतर तो फ्रेंचांच्या अखत्यारीतल्या कंबोडियाला परत मिळाला. म्हणून शहरात थाई, फ्रेंच आणि चिनी अशा तिन्ही खुणा दिसतात.

1975 मध्ये काय झालं?

17 एप्रिल 1975 ला पोल पॉटच्या ख्मेर रूजने राजधानी जिंकली. सगळ्यांना शेतात राबवायचं म्हणून शहरं रिकामी केली, त्यात बट्टामबांगही होतं. जानेवारी 1979 मध्ये ही राजवट पडेपर्यंत उपासमार, आजार आणि कत्तलींत अंदाजे 15 ते 20 लाख माणसं गेली. शिक्षक, डॉक्टर, गायक, नर्तक खास करून लक्ष्य झाले. याच प्रांतात जन्मलेली लोकप्रिय गायिका रोस सेरे सोथिआ त्या काळात बेपत्ता झाली. ती परत आलीच नाही.

बांबूची रेल्वे कशी चालते?

युद्धात रेल्वे मोडकळीला आली, गाड्या जवळपास बंद पडल्या. लोकांनी काय करावं? भंगारातली चाकं घेतली, त्यावर बांबूची फळी टाकली आणि रुळांवर ढकलायला सुरुवात केली. पुढे त्याला छोटं इंजिन लागलं. या गाडीला तिथे 'नॉरी' म्हणतात. भात, जनावरं, माणसं, सगळं यावरून जायचं. रूळ एकच असल्याने समोरून दुसरी नॉरी आली तर ज्या गाडीत ओझं कमी, ती सुटी करून बाजूला उचलून ठेवायची आणि दुसरी गेली की पुन्हा जोडायची.

खरी रेल्वे पूर्ववत करण्यासाठी 2017 मध्ये जुना मार्ग बंद झाला. आता बननच्या देवळाजवळ पर्यटकांसाठी नवीन मार्ग आहे. आता कुणी त्यावरून भात नेत नाही, पण गाडी तशीच खडखडते.

सर्कस का बघायची?

'फारे पोनलेउ सेलपाक' ही कलाशाळा 1994 मध्ये सुरू झाली. थायलंड सीमेवरच्या निर्वासित छावणीत चित्रकला शिकलेल्या नऊ तरुणांनी आणि त्यांच्या फ्रेंच शिक्षिकेने ती उभारली. कलाकारांची जवळजवळ एक पिढीच मारली गेली होती, त्यामुळे सुरुवात पुन्हा मुलांपासून करावी लागली. इथे प्राणी नसतात. कसरती, संगीत आणि गोष्ट असते. शाळेच्या तंबूत खेळ होतात, पण रोज नाही. वार आधी तपासून घ्या.

फ्नोम संपोवर काय आहे?

शहरापासून साधारण 12 किलोमीटरवर चुनखडीचा डोंगर आहे. वरच्या गुहांमध्ये ख्मेर रूजने माणसांना मारून खाली ढकललं. आज तिथे अस्थी जपून ठेवल्या आहेत, शेजारी पहुडलेल्या बुद्धाची मूर्ती आहे. इथे सेल्फी काढू नका, आवाज खाली ठेवा.

संध्याकाळी त्याच डोंगराच्या पायथ्याशी थांबा. एका गुहेतून लाखो वटवाघळं काळ्या धुरासारखी बाहेर पडतात आणि भातशेतीवर किडे टिपायला जातात. हा लोंढा बराच वेळ थांबत नाही.

दोन दिवसांचा बेत

- पहिला दिवस : दिवसभरासाठी टुकटुक ठरवा. बांबू रेल्वे, बननचं प्राचीन देऊळ (358 पायऱ्या, पाणी जवळ ठेवा) आणि सूर्यास्ताला फ्नोम संपो.
- दुसरा दिवस : सायकल घेऊन नदीकाठाने उत्तरेला, अकराव्या शतकातल्या एक फ्नोम मंदिराकडे. वाटेतल्या गावांत तांदळाच्या पातळ चकत्या बांबूच्या ताटव्यांवर वाळत असतात, आपलं उन्हाळ्यातलं वाळवण आठवेल. खेळ असेल तर रात्री सर्कस.

खाणं आणि पैसे

2023 मध्ये युनेस्कोने बट्टामबांगला खाद्यसंस्कृतीचं 'क्रिएटिव्ह सिटी' ठरवलं. बांबूच्या नळीत चिकट भात, नारळाचं दूध आणि कडधान्य भाजून केलेलं 'क्रालान' नक्की खा. शाकाहारी असाल तर सांभाळून. 'साच' म्हणजे मांस. ते नको म्हटलं तरी माशांचा सॉस पडू शकतो, त्यामुळे तेही वेगळं सांगा. डॉलर आणि रिएल दोन्ही चालतात, एका डॉलरला साधारण 4000 रिएल. फाटकी डॉलरची नोट मात्र कुणी घेत नाही.

जाण्याआधी हे वाचा

- नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी असते. सिएम रीपहून बोटीनेही येता येतं, पण उन्हाळ्यात पाणी आटलं की प्रवास खूप लांबतो.
- 2025 मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर लष्करी संघर्ष झाला, जमिनीवरचे नाके बंद झाले. हा प्रांत सीमेला लागून आहे, त्यामुळे भारतीय दूतावासाची ताजी सूचना बघूनच बेत करा.
- या प्रांतात सुरुंग मोठ्या प्रमाणावर पेरले गेले होते. ग्रामीण भागात मळलेली वाट सोडू नका.
- भारतीयांना ई-व्हिसा मिळतो. अर्ज सरकारी वेबसाइटवरच करा.

अंगकोर वाट बघाच. फक्त परतीचं तिकीट दोन दिवस पुढचं काढा. हजार वर्षांपूर्वीच्या राजांनी काय बांधलं ते अंगकोरला दिसतं. सगळं उद्ध्वस्त झाल्यावर साध्या माणसांनी काय उभं केलं, ते बट्टामबांगला बघायला मिळतं.