मोटार उद्योगाची पायवाट घडविणारे शेठ वालचंद हिराचंद

यंत्र अभियांत्रिकीची पदवी हाती पडताच आज अनेक तरुण पुणे, चाकण, नाशिक येथील मोटार कारखान्यांकडे वळतात. वसई-विरारच्या घराघरांतूनही असे तरुण निघतात. परंतु १९४० पूर्वी ही वाटच अस्तित्वात नव्हती. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडी येथे मोटारी जोडण्याचे काम चालविले होते. मात्र सुटे भाग परदेशातून पेट्यांतून येत आणि येथे ते केवळ जोडले जात. तेथे फिटरला काम होते, पण मोटार घडविणाऱ्या अभियंत्याला फारसा वाव नव्हता.

ही उणीव ज्यांनी ओळखली, त्यांत सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद दोशी अग्रगण्य होत. त्यांच्याजवळ अभियांत्रिकीची पदवी नव्हती. घरच्या पेढीपेक्षा रेल्वेच्या बांधकामाची कंत्राटे त्यांना अधिक भावली आणि कामावरच ते शिकले.

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३५ साली युरोप-अमेरिकेचा दौरा करून मोटार कारखान्याची योजना आखली. वालचंद त्या योजनेचे खंदे पुरस्कर्ते बनले. १९३९ साली अमेरिकेस जाऊन त्यांनी क्रायस्लर कंपनीशी सहकार्याची बोलणी केली. मुंबई प्रांताचे सरकार अनुकूल होते. दिल्लीच्या परकीय सरकारने मात्र हात आखडता घेतला. तरीही शेठजींनी धीर सोडला नाही. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना झाली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून वाहने बाहेर पडू लागली.

आरंभी तेथेही जोडणीचेच काम होते. खरी कसोटी १९५३ साली आली. भाग देशातच बनविण्याचा कार्यक्रम असणाऱ्या कंपन्यांनाच यापुढे स्थान, असे धोरण भारत सरकारने स्वीकारले. जनरल मोटर्सने १९५४ साली काम थांबविले. कुर्ल्याचा कारखाना टिकला. ओतकाम, यंत्रण, साचे, मोजमाप, तपासणी असे एकेक शास्त्र देशी हातांना शिकावे लागले. अभियंत्याची खरी उमेदवारी अशा कारखान्यांतून सुरू झाली. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने तिला सर्वत्र नियमबद्ध रूप दिले.

हे यश पाहण्यास शेठजी उरले नाहीत. ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे देहावसान झाले. सांगलीत १९४७ साली सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयास पुढे त्यांचे नाव देण्यात आले. कुर्ल्याची फियाट सत्तरच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून मुंबईकरांची सोबतीण बनली. तिचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीनेही मुंबईचा निरोप घेतला.

गाडी गेली, कारखाना थांबला. पण त्या पिढीने कमावलेली विद्या मागे उरली. नोकरीच्या पहिल्या दिवशी कार्यशाळेत हात काळे करताना संकोच वाटणाऱ्या तरुणाने एवढे ध्यानी ठेवावे, की या उद्योगाचा पाया पदवीने नव्हे, तर शिकण्याच्या तयारीने घातला गेला आहे.