केंट अजिंक्यपद टेनिस स्पर्धा
इंग्लंडमधील केंट परगण्यात बेकनम येथे 1886 ते 1996 या काळात हिरवळीच्या मैदानावर, म्हणजे ग्रास कोर्टवर, भरलेली पुरुष व महिलांची प्रादेशिक टेनिस स्पर्धा. 1965 मध्ये बेकनमचा समावेश बृहद् लंडनमध्ये झाला, तरी स्पर्धेने केंटचे नाव सोडले नाही.

फॉक्सग्रोव्ह रोडवरील क्रिकेट क्लबच्या मैदानावर ती जूनमध्ये, विंबल्डनच्या आधी होई आणि हाच काळ तिच्या महत्त्वाचे मुख्य कारण होता. फ्रेंच स्पर्धेच्या लाल मातीवर चेंडू उंच उसळतो व त्याची गती मंदावते, तर हिरवळीवर तो सरपटत, खालून व वेगाने येत असल्याने खेळाडूला गुडघे अधिक वाकवून व फटक्याची तयारी लवकर करून खेळावे लागते. हा बदल अंगवळणी पाडण्यासाठी अव्वल परदेशी खेळाडू बेकनमला येत. 1968 मध्ये हौशी व व्यावसायिक खेळाडूंना एकत्र खेळण्याची मुभा मिळाली, तेव्हा या ‘खुल्या’ पद्धतीने भरलेल्या अगदी पहिल्या काही स्पर्धांमध्ये तिची गणना होते, आणि एका परगण्याच्या स्पर्धेसाठी हा मान खरोखरच मोठा आहे.

पुढे व्यावसायिक दौऱ्यात बक्षिसाची रक्कम व मानांकनाचे गुण निर्णायक ठरले. विंबल्डनपूर्वीचे मोजके आठवडे लंडनच्या क्वीन्स क्लब व ईस्टबर्न येथील मोठ्या स्पर्धांनी व्यापले, त्यामुळे बेकनमकडे येणारा अव्वल खेळाडूंचा ओघ आटला. 1996 नंतर ही स्पर्धा भरली नाही.