गालिबचं भाड्याचं घर

मिर्झा गालिब यांची स्वतःच्या मालकीची एक वीटही दिल्लीत नव्हती. 27 डिसेंबर 1797 रोजी आग्र्यात जन्मलेल्या या शायराचा निकाह 1810 मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, उमराव बेगम यांच्याशी झाला. त्यानंतर ते दिल्लीत आले आणि 15 फेब्रुवारी 1869 ला तिथेच वारले. एवढ्या वर्षांत त्यांनी घरं अनेक बदलली, पण विकत एकही घेतलं नाही. त्यांचे शागीर्द आणि चरित्रकार हाली सांगतात की, पुस्तकंसुद्धा ते विकत घेत नसत, मागून आणून वाचत.

जुन्या दिल्लीत बल्लीमारानमधल्या गल्ली कासीम जानमध्ये आज जी ‘गालिबची हवेली’ दाखवतात, ती त्यांच्या अखेरच्या वर्षांतली राहण्याची जागा. चष्मे आणि चपलांच्या दुकानांमधून वाट काढत मी तिथे पोहोचलो, तेव्हा आधी डोळ्यांत भरलं ते तिचं लहानपण. वाड्याचा एक तुकडाच स्मारक म्हणून उरला आहे. गालिबनंतर या वास्तूत दुकानं थाटली गेली, हीटरचा कारखानाही चालला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा कुठे 2000 च्या सुमारास एक भाग मोकळा होऊन स्मारक उभं राहिलं. आत गालिबचा अर्धपुतळा आहे. तो घडवला आपल्या सोलापूरच्या भगवान रामपुरे यांनी आणि 2010 मध्ये तिथे बसवला गुलजार यांच्या पुढाकाराने. मराठी माणसाला तिथे क्षणभर घरच्यासारखं वाटतं ते यामुळे.

पण या गल्लीचा खरा इतिहास पुतळ्यात नाही, तो 1857 मध्ये आहे. सप्टेंबरमध्ये इंग्रजांनी दिल्ली परत घेतली आणि शहर रिकामं केलं. हिंदूंना त्या मानाने लवकर परतता आलं. मुसलमानांना बराच काळ वेशीबाहेर राहावं लागलं. गालिब मात्र बल्लीमारानमध्येच टिकले. कारण शेजारचे हकीम पतियाळाच्या महाराजांच्या पदरी होते, महाराज इंग्रजांच्या बाजूने होते आणि त्यांचे शिपाई गल्लीच्या तोंडाशी पहाऱ्यावर होते. त्याच दिवसांत गालिबचे मनोरुग्ण भाऊ मिर्झा युसूफ वारले. कफनाला कापड मिळेना. घरातल्या चादरींत गुंडाळून शेजाऱ्यांच्या मदतीने त्यांचं दफन झालं. पुढे जवळजवळ तीन वर्षं गालिबची पेन्शनही बंद होती.

हे दिवस त्यांनी ‘दस्तंबू’ या फारसी पुस्तकात नोंदवले. पण ते पुस्तक इंग्रज साहेबांच्या नजरेखालून जाणार होतं, त्यामुळे तिथे लेखणी जपून चालते. मन मोकळं होतं ते उर्दू पत्रांत. ‘मिर्झा तफ्ता’ म्हणून ज्यांना ते लाडाने हाक मारत, ते शागीर्द हरगोपाल तफ्ता, मीर महदी मजरूह अशा जिवलगांना ते लिहीत राहिले: कोण गेला, कोणाचं घर पाडलं, कुठला मोहल्ला उरला नाही. मध्येच गळक्या छताची तक्रार, मध्येच आंब्यांची चौकशी. जडजंबाल मायने टाकून समोर बसल्यासारखं बोलायचं, ही रीत त्यांनी उर्दूला दिली. त्या पत्रांचे संग्रह 1868 आणि 1869 मध्ये निघाले.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. गालिबचे शेर अवघड म्हणून मुलं दूर पळतात, पण ही पत्रं वाचून दाखवली तर हसतात, आणि दिल्ली उजाड झाल्याचा मजकूर आला की गप्प होतात. हवेलीत फारसं काही नाही म्हणून अनेक जण हिरमुसून परततात. त्यांना माझी विनंती एवढीच: जाण्याआधी गालिबची दहा-बारा पत्रं वाचा, अनुवादात का होईना. मग त्या दोन खोल्यांत कोण राहत होतं आणि त्या गल्लीतून कोण कोण कायमचं निघून गेलं, ते कुणी वेगळं सांगावं लागणार नाही.