डहाणू औष्णिक वीज प्रकल्पविरोधी आंदोलन

मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवण्यासाठी डहाणू (तेव्हा ठाणे, २०१४ पासून पालघर जिल्हा) येथे योजलेल्या कोळशावरील ५०० मेगावॉट क्षमतेच्या केंद्राला स्थानिक रहिवाशांनी केलेला विरोध. आंदोलनाला केंद्र थांबवता आले नाही. मात्र त्यातून तालुक्याला स्वतंत्र पर्यावरणीय संरक्षण मिळाले.

पार्श्वभूमी : डहाणू तालुका चिकूच्या बागा, खाडीतील मासेमारी आणि वारली आदिवासींची वस्ती यांसाठी ओळखला जातो. येथे खाडीकाठी प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच उभारण्याची ‘बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय’ (बीएसईएस) या कंपनीची योजना होती. केंद्रीय मूल्यांकन समितीने ही जागा आधी अयोग्य ठरवली होती. तरीही १९८९ मध्ये केंद्र सरकारने प्रकल्पाला मंजुरी दिली. धुरातील सल्फर डायऑक्साइडमुळे बागांचा मोहोर गळेल, राखेने जमीन नासेल आणि खाडीत सोडलेल्या गरम पाण्याने मासळी घटेल, असे विरोधकांचे आक्षेप होते.

न्यायालयीन लढा : स्थानिक संघटना आणि मुंबईतील ‘बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुप’ यांनी मंजुरीला आव्हान दिले. उच्च न्यायालयाने १९९० मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये प्रकल्प रोखण्यास नकार दिला. मात्र धुरातील गंधकवायू काढून टाकणाऱ्या संयंत्राची अट परिणामांचा पूर्ण विचार केल्याशिवाय शिथिल करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. पुढील लढ्याला याच अटीचा आधार मिळाला.

अधिसूचना व प्राधिकरण : २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला. त्यानुसार अतिप्रदूषक उद्योगांना बंदी आली, तालुक्यातील औद्योगिक क्षेत्राला ५०० एकरांची मर्यादा पडली आणि भोवती २५ किमी.चा संरक्षक पट्टा ठरला. या निर्बंधांनी रोजगार अडतो, अशी तक्रार तालुक्यातूनच पुढे झाली. अंमलबजावणी होत नसल्याने संपादक व पर्यावरण कार्यकर्ते बिट्टू सहगल यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. तिच्यावरील ऑक्टोबर १९९६ च्या निकालानुसार त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते.

संयंत्राचा प्रश्न : केंद्र १९९० च्या दशकाच्या मध्यास सुरू झाले, पण गंधकवायू काढणारे संयंत्र बसले नव्हते. नर्गिस इराणी यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी पाठपुरावा चालू ठेवला. प्राधिकरणाने १९९९ मध्ये संयंत्र बसवण्याचा आदेश दिला. कंपनीने त्याला आव्हान दिले. पुढे प्राधिकरणाने ३०० कोटी रुपयांची बँक हमी मागितली. अखेर २००७ मध्ये समुद्राच्या पाण्यावर चालणारे संयंत्र कार्यान्वित झाले. तोवर कंपनी रिलायन्स समूहाकडे गेली होती. २०१८ मध्ये केंद्र अदानी समूहाकडे आले.

परिणाम : आंदोलनातून आलेल्या प्राधिकरणाचा अधिकार वीज केंद्रापुरता राहिला नाही. १९९८ मध्ये त्याने तालुक्यातील वाढवण येथील नियोजित बंदराला नकार दिला. अध्यक्ष धर्माधिकारी यांचे २०१९ मध्ये निधन झाले. २०२३ मध्ये मात्र याच प्राधिकरणाने वाढवण बंदराच्या नव्या प्रस्तावाला अटींसह परवानगी दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. मच्छीमार संघटनांचा त्याला विरोध होता.