परिघावरून परिघाकडे

इसवी सन 1870 च्या फेब्रुवारी महिन्यात, त्या काळी जगातील सर्वांत अवाढव्य गणले जाणारे ‘ग्रेट ईस्टर्न’ हे जहाज मुंबई बंदरातून निघाले, आणि आपल्या उदरात साठविलेली तार समुद्राच्या तळाशी सोडीत सोडीत एडनच्या दिशेने चालू लागले. एडनहून तांबड्या समुद्रातून सुएझ, तेथून भूमध्य समुद्रातून माल्टा व जिब्राल्टर, आणि शेवटी इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील पोर्थकर्नो नावाच्या लहानशा गावाचा किनारा, अशी ती साखळी त्याच वर्षीच्या जून महिन्यात पुरी झाली. आणि जो मजकूर आगबोटीने विलायतेस पोहोचविण्याला कित्येक आठवडे खर्ची पडत, तो काही तासांत पोहोचू लागला. तारेवरचे गटापर्चाचे वेष्टण मलायाच्या अरण्यांतील झाडांच्या चिकाचे होते. ती उतरली होती मुंबईच्या किनाऱ्यावर. परंतु तिची मालकी, तिचे दर आणि तिच्यावरून प्रथम कोणता खलिता जावा याचा अधिकार, हे सर्व लंडनच्या कंपन्यांच्या दप्तरात होते.

नऊ वर्षांनी एडनहून दुसरी तार दक्षिणेकडे झांझिबार, मोझांबिक व डर्बन येथपर्यंत गेली. तिच्या घाईचे कारण व्यापार नव्हते. 1879 च्या जानेवारीत इसांडलवाना येथे झुलू सैन्याने इंग्रजी फौजेचा जो पराभव केला, त्याची वार्ता लंडनला कळण्यास सुमारे तीन आठवडे लागले होते, आणि असा विलंब साम्राज्याच्या कारभाऱ्यांना पुन्हा परवडणारा नव्हता. झांझिबारात पिढ्यान्‌पिढ्या पेढ्या चालविणाऱ्या कच्छी व मुंबईकर व्यापाऱ्यांना या तारेचा लाभ झाला, हे मान्य केले पाहिजे. तथापि हा लाभ आनुषंगिक होता. तारा टाकणाऱ्यांच्या नकाशावर मध्यबिंदू एकच होता, आणि बाकीचे सारे जग त्या मध्यबिंदूशी जोडावयाचा परीघ होते. परिघावरील दोन ठिकाणांनी परस्परांशी बोलावे, ही गरज त्या नकाशाला कधी भासलीच नाही.

साम्राज्ये गेली, पण हा नकाशा राहिला. आफ्रिकेतील राष्ट्रे 1960 च्या सुमारास एकामागून एक स्वतंत्र झाली, तेव्हा इंग्रजी अमलातून सुटलेल्या देशातील मनुष्याला फ्रेंच अमलातून सुटलेल्या शेजारच्या देशातील मनुष्याशी दूरध्वनीवरून बोलावयाचे असल्यास त्याचा शब्द आधी लंडनला, तेथून पॅरिसला आणि मग माघारी आफ्रिकेत, असा दोन खंडांचा प्रवास करून येई, आणि त्या प्रवासाचा मोबदला पूर्वीच्या सत्ताधीशांनाच पोहोचता होई. सर डोनाल्ड मेटलंड यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने 1985 च्या आरंभी आपला अहवाल प्रसिद्ध केला, त्यात जगातील सुमारे 60 कोटी दूरध्वनींपैकी तीनचतुर्थांश केवळ नऊ औद्योगिक राष्ट्रांत असल्याची नोंद आहे, आणि एकट्या टोकियो शहरात जितके दूरध्वनी आहेत तितके 50 कोटी लोकवस्तीच्या अखंड आफ्रिका खंडात नाहीत, असेही त्यात नमूद आहे. राजकीय स्वातंत्र्याचा जमाखर्च मांडताना आपल्याकडील इतिहासकार ध्वज, घटना आणि सैन्य यांच्याकडे लक्ष देतात. संदेशवहनाच्या या परतंत्रतेकडे त्यांनी फारसे पाहिलेले नाही, याची मला खंत वाटते.

विकसनशील देशांनी परस्परांना साहाय्य करावे, हा विचार सभासंमेलनांतून पूर्वीपासून बोलला जात होता. भारताने 1964 च्या सप्टेंबरात तांत्रिक व आर्थिक सहकार्याची योजना सुरू करून परदेशी उमेदवारांस येथे शिक्षण देण्याची तजवीज केली, आणि 1978 साली ब्युनोस आयर्स येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या परिषदेने अशा सहकार्याचा एक विस्तृत आराखडा संमत केला. ठरावांची भाषा उदात्त होती. परंतु द्यावयाचे म्हटले तर हाती स्वतःचे काही असावे लागते, आणि दूरसंचार व संगणक या क्षेत्रांत ते तेव्हा फारसे कोणापाशीच नव्हते.

ते हाती येण्याचा इतिहास बराचसा नकारांचा इतिहास आहे. 1984 च्या ऑगस्टमध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने खेड्यांसाठी जे अंकीय दूरध्वनी केंद्र सिद्ध केले, त्यातील पहिले 1986 साली कर्नाटकातील कित्तूर येथे बसले. त्याचा विशेष असा की वातानुकूलनावाचून, धुळीत आणि उन्हाळ्यातही ते चालत असे. श्रीमंत देशांच्या कारखान्यांत घडलेल्या यंत्रांना ही परिस्थिती ठाऊकच नव्हती, कारण त्यांच्या रचनाकारांपुढे ती कधी आलेली नव्हती.

पुण्याची कथा याहूनही बोलकी आहे. 1980 नंतरच्या दशकात भारताला महासंगणकाची निकड भासू लागली. अमेरिकेने दिल्लीतील हवामानाच्या अंदाजाच्या कामासाठी एक क्रे यंत्र दिले, पण ते कोणी व कोणत्या कामासाठी वापरावे यासंबंधी कडक अटी घालून. आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी मागितलेल्या यंत्राचा परवाना मिळालाच नाही. या नकारातून 1988 साली पुण्यात ‘प्रगत संगणन विकास केंद्र’, म्हणजे आज सर्वतोमुखी असलेले सी-डॅक, उभे राहिले. त्याचे संचालकपद अकोला जिल्ह्यातील मुरंबा या लहानशा गावातून आलेल्या डॉ. विजय भटकर यांजकडे सोपविण्यात आले, आणि सुमारे 30 कोटी रुपयांची तरतूद व तीन वर्षांची मुदत त्यांना मिळाली. एकच अतिवेगवान यंत्र घडविणे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे हे ओळखून, एका मोठ्या गणिताचे अनेक भाग करून ते अनेक लहान प्रक्रियकांकडून एकाच वेळी सोडवून घ्यावयाचे, असा समांतर संगणनाचा मार्ग या मंडळींनी स्वीकारला, आणि 1991 साली 64 प्रक्रियकांचा ‘परम 8000’ मुदतीत सिद्ध करून दाखविला. त्यातील प्रक्रियक इंग्लंडातील ब्रिस्टल शहरच्या इनमॉस कंपनीचे होते, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. पुण्याचे स्वत्व ते प्रक्रियक एकमेकांशी जोडण्याच्या रचनेत आणि त्यांना काम वाटून देणाऱ्या आज्ञावलीत होते.

या यंत्राचा परदेशप्रवास लगोलग सुरू झाला. मॉस्कोतील संगणकसाहाय्यित आरेखनाच्या संस्थेत 1991 सालीच एक परम बसविला गेला. ज्या सोव्हिएत संघाकडून भारताने पोलादाचे कारखाने व अवजड यंत्रे उभारण्याची विद्या घेतली, त्याच देशाला, तोही पाश्चात्त्य राष्ट्रांच्या निर्यातबंदीने जेरीस आलेला असताना, पुण्याने गणनयंत्र पुरवावे, ही गोष्ट दहा वर्षांपूर्वी कोणी बोलला असता तर कोणी विश्वास ठेवला नसता. पुढे सी-डॅकच्या साहाय्याने घानाची राजधानी आक्रा येथे 2003 साली कोफी अन्नान यांच्या नावाचे माहिती व संचार तंत्रज्ञानाचे केंद्र निघाले. त्यानंतर टांझानियात दारेसलाम, आर्मेनियात येरेवान, व्हिएतनामात हनोई, कझाकस्तानात अस्ताना येथील विद्यापीठांत व तंत्रशाळांत परम यंत्रे गेली. या यंत्रांचे आयुष्य अल्प असते. आजचा महासंगणक दशकभरात अडगळीची वस्तू होतो. त्यामुळे आक्रा येथील केंद्राची थोरवी मी यंत्रावरून मोजणार नाही. तेथे शिकून बाहेर पडलेल्या पश्चिम आफ्रिकेतील तरुणांवरून ती मोजली पाहिजे, असे माझे मत आहे.

या सर्व प्रयत्नांत व्याप्तीने सर्वांत मोठा होता तो अखिल आफ्रिका ई-जालाचा उपक्रम. राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी 16 सप्टेंबर 2004 रोजी दक्षिण आफ्रिकेत अखिल आफ्रिका संसदेपुढे भाषण करताना त्याची कल्पना मांडली. आफ्रिका खंडातील प्रत्येक देशाला उपग्रहाने व समुद्रतळाच्या तारांनी परस्परांशी आणि भारतातील विद्यापीठे व रुग्णालये यांच्याशी जोडावे, असा तिचा आशय होता. राष्ट्रप्रमुखांच्या भाषणांतील अशा कल्पना बहुधा कार्यवृत्तातच विसावतात. ही मात्र विसावली नाही. 2005 च्या ऑक्टोबरात आफ्रिकी संघ आणि टीसीआयएल ही भारत सरकारची दूरसंचार कंपनी यांच्यात करारनामा झाला. पुढे केंद्रीय मंत्रिमंडळाने 542.90 कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला; इथिओपियात कामाची चाचणी झाली, तीत अदिस अबाबाचे ब्लॅक लायन रुग्णालय हैदराबादच्या केअर रुग्णालयाशी जोडले गेले, आणि 2009 व 2010 या वर्षांत जालाचे दोन टप्पे कार्यान्वित झाले. एकंदर 48 देश त्यात सामील झाले.

या जालाचा मुख्य थांबा सेनेगलमधील डाकार येथे होता. भारतातून निघालेले व्याख्यान समुद्रतळाच्या तारेने डाकारपर्यंत जाई, तेथील भूकेंद्रातून उपग्रहाकडे चढे, आणि देशोदेशीच्या अध्ययनकेंद्रांवरील लहान तबकड्यांत उतरे. युगांडाचे मकेरेरे विद्यापीठ, घानाच्या कुमासी येथील एन्क्रुमा विद्यापीठ, कॅमेरूनचे याउंदे विद्यापीठ ही त्यातील प्रादेशिक ठाणी होत. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ, मद्रास विद्यापीठ, अ‍ॅमिटी अशा संस्थांचे अभ्यासक्रम या मार्गाने शिकविले जात आणि सुमारे 22,000 विद्यार्थ्यांनी त्यांतून शिक्षण घेतले. रुग्णालयांच्या बाजूस, रोग्याची क्षकिरणछायाचित्रे व हृदयाचे आलेख तेथून येत आणि येथील तज्ज्ञ तेथील वैद्यांशी समोरासमोर बसल्याप्रमाणे विचारविनिमय करीत.

या उपक्रमाचे उणेही सांगितले पाहिजे. शिक्षणाचे माध्यम मुख्यत्वे इंग्रजी होते, म्हणून सेनेगलपासून मादागास्करपर्यंतच्या फ्रेंच जाणणाऱ्या देशांतील विद्यार्थ्यांना ते परकेच वाटले असेल. ज्या डाकार शहरात जालाचे हृदय होते, तेथील सामान्य तरुणाला त्यातून वाहणारी व्याख्याने सुगम नव्हती. आणखी असे की दान म्हणून आलेल्या यंत्रणेचा खर्च दाता देईतोवरच ती चालते. भारताचा वाटा 2017 साली संपला, जाल आफ्रिकी संघाच्या स्वाधीन झाले. पुढे भारताने उपग्रहाऐवजी महाजालाच्या आधारे शिकविण्याची दुसरी योजना आखली. माझ्या मते आरंभापासूनच खर्चाचा काही अंश व अभ्यासक्रम ठरविण्याची मुखत्यारी यजमान देशांकडे असती, तर हे जाल अधिक खोल रुजले असते.

आफ्रिकी देश या काळात स्वस्थ बसले होते असे मात्र कोणी समजू नये. 45 आफ्रिकी देशांनी 1992 साली रास्कॉम नावाची संघटना काढून आपल्या मालकीच्या उपग्रहाचा ध्यास घेतला. पंधरा वर्षांनी, 2007 च्या डिसेंबरात, त्यांचा पहिला उपग्रह अवकाशात गेला, आणि त्यातील हेलियम वायूची गळती झाल्यामुळे त्याचे आयुष्य प्रारंभीच खुंटले. परंतु या देशांनी हिंमत न सोडता 2010 च्या ऑगस्टमध्ये बदली उपग्रह सोडला. समुद्राच्या तळाशीही हालचाल होती. 2009 च्या जुलैत सीकॉम ही प्रकाशतंतूंची तार पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मोंबासा, दारेसलाम, मापुटो येथे उतरली, आणि तिची एक शाखा थेट मुंबईस आली. 2018 साली अंगोलातील लुआंडा आणि ब्राझीलमधील फोर्तालेझा यांना जोडणारी तार अटलांटिक महासागर ओलांडून गेली. एकाच पोर्तुगीज भाषेत व्यवहार करणाऱ्या, आणि गुलामांच्या व्यापाराने रक्ताचे नाते जडलेल्या या दोन देशांच्या संदेशांना त्यापूर्वी युरोपचा किंवा उत्तर अमेरिकेचा वळसा पडत असे. याउलट रशिया, चीन, भारत, दक्षिण आफ्रिका व ब्राझील यांना एका सूत्रात ओवणारी, सुमारे 34,000 किलोमीटर लांबीची जी तार 2012 साली घोषित झाली होती, ती कागदावरच राहिली. आणि त्या कागदावरही तिचे अखेरचे टोक अमेरिकेतील मायामी येथेच होते.

अलीकडच्या वर्षांत देवघेवीचे स्वरूप पालटले आहे. बंगळूरच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत 2018 साली सुरू झालेल्या मोसिप या प्रकल्पाने नागरिकांच्या ओळखपत्रनोंदणीची आज्ञावली सिद्ध करून ती सर्वांस खुली ठेवली. मोरोक्को व फिलिपिन्स यांनी ती प्रथम स्वीकारली. इथिओपियाने पुढे तिच्याच आधारे आपली नोंदणी उभारली. प्रकल्पाच्या द्रव्यबळात अमेरिकेतील धर्मादाय निधींचा वाटा मोठा होता, तसा मुंबईच्या टाटा न्यासांचाही होता. आज्ञावली खुली असल्यामुळे प्रत्येक देशाला आपली नोंदवही आपल्याच ताब्यात ठेवता येते, हा तिचा मोठा गुण होय. परंतु नोंदवही कोणाच्या ताब्यात आहे इतक्यावर प्रश्न मिटत नाही. तीत नाव नसलेल्या मनुष्याच्या पदरी शिधा पडेल की नाही, आणि नाव असलेल्या मनुष्याच्या खाजगी आयुष्यात सरकारला किती डोकावता येईल, हेही विचारावे लागते.

हा प्रश्न आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयापुढे आला. 26 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार योजना काही मर्यादांसह मान्य केली; न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी एकट्याने भिन्न मत नोंदविले. भिन्नमताला आपल्या देशात कायद्याचे बळ नसते. परंतु सात महिन्यांच्या आतच कॅरिबियन समुद्रातील जमैका बेटावर राष्ट्रीय ओळखनोंदणीच्या सक्तीविरुद्धच्या खटल्याचा निकाल लागला, आणि ज्या देशाची अखेरची दाद आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे मागितली जाते, तेथील सरन्यायाधीश ब्रायन साइक्स यांनी दिल्लीच्या बहुमताहून त्या एकाकी निकालपत्राची विचारसरणी अधिक ग्राह्य मानून तिचा विस्ताराने आधार घेतला. 12 एप्रिल 2019 रोजी किंग्स्टनच्या न्यायालयाने तो कायदा समूळ रद्द ठरविला.